यादीत नसलेलं अक्षर

“त्या ‘द’वर पण एक लावून दे,” किसनसिंग गुरुजी बोलून गेले, आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना कळलं की हे आपण बोललो. आवाज त्यांचाच होता. वर्गातल्या मागच्या मुलाला खिडकी लावून घ्यायला सांगावं तसा, सहज, थोडा घाईचा. भिंतीपुढे उकिडवा बसलेला फुलचंद खळीचा कुंचा डब्याच्या काठावर निपटत होता, तो तसाच थांबला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, खिशातून मोबाइल काढून अंगठ्यानं यादी वरखाली केली आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं. “द तं यादीत नाही गुरुजी,” तो म्हणाला. “दर्गा कोनाचं चिन्ह हाय?” त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. नगरपालिकेचा साधा माणूस, सकाळपासून चिन्हं झाकत फिरत होता, आपल्या नजरेतून एखादं सुटलं की काय एवढीच त्याला काळजी. गुरुजी म्हणाले, कोणाचं नाही, पण कागद उरलाच आहे तर लाव. फुलचंदनं खांदे उडवले. वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, त्याला खळ फासली आणि हिरव्या घुमटावरून तळहात दोनदा फिरवला. ओल्या कागदाचा तो सपसप आवाज गुरुजींच्या कानात शिरला आणि तिथंच राहिला. फुलचंद सायकलला डबा अडकवून निघून गेला तरी तो चालूच होता.

घडलं होतं ते एवढंच. कोणाला सांगायला गेलं असतं तर तो हसला असता. मंगरूळपीरात नगरपालिकेची निवडणूक लागली होती. गुरुजींच्या घरासमोरच्या शाळेत मतदान केंद्र होतं, आणि केंद्राच्या आसपास कुठलं चिन्ह दिसता कामा नये असा नियम. गुरुजींच्या ओसरीची लांब भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि तिच्यावर सगळी मुळाक्षरं रंगवलेली, प्रत्येकाखाली एक चित्र. क कमळाचा. घ घड्याळाचा. ण बाणाचा, कारण णनं सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. ह हत्तीचा. असल्या चित्रांवर कितीतरी पिढ्या लिहायला शिकल्या, आणि मधल्या काळात कोणीतरी येऊन त्यातलं एकेक उचलून झेंड्यावर नेलं. फुलचंदनं मान खाली घालून सांगितलं होतं की अपक्षांचीही यादी आली आहे, म्हणजे छत्री, पतंग आणि शिट्टीही गेली. साहेबांनी बारकाईनं पाहिलं असतं तर सारी बाराखडीच झाकावी लागली असती, असंही तो म्हणाला. गुरुजींनी सवयीनं त्याला सुधारलं, बाराखडी नाही, मुळाक्षरं. मग दोघंही हसले होते. सात कागद लागेपर्यंत सगळं हसण्यावारीच चाललं होतं.

शिवाय गुरुजींना नियमाचं कधी वावडं नव्हतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कितीतरी निवडणुका केल्या होत्या. सुरुवातीला मतपेट्या घेऊन, पुढे यंत्रं घेऊन. कुठल्या शाळेत मुक्काम पडला की पहिलं काम त्यांचंच, भिंतीवरची चित्रं पाहायची आणि झाकायची ती झाकायची. धनजच्या शाळेत पोरांनी काढलेला हत्ती इतका मोठा होता की त्याला चार दिवसांचे पेपर लागले, आणि तरी शेपूट बाहेर राहिलं. त्या शेपटावर त्यांनी आपला रुमाल टाचला होता. नियम त्यांना आवडायचा तो एवढ्यासाठी की तो सगळ्यांना सारखा असतो. कमळालाही कागद, हत्तीलाही कागद. त्यात कोणाचा मान नाही, अपमान नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यातून आलेल्या मुलाला सारखेपणाची किंमत फार लवकर कळते. म्हणून सात कागदांचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पण आठवा कागद त्या नियमातला नव्हता. तो कोणी मागितला नव्हता, कोणी सुचवला नव्हता. सात अक्षरं यादीनं झाकली. आठवं कशानं झाकलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि लगेच चहाचा कप तोंडाला लावला. चहा गार झाला होता.

ते आठवायला लागले, हे आपल्या डोक्यात आलं कधी. असं वाक्य एकदम येत नाही. आधी ते कुठंतरी तयार होऊन बसलेलं असतं. मग परवाचा रविकांत आठवला. रविकांत त्यांचाच विद्यार्थी, आता निवडणुकीला उभा आहे, गळ्यात रुमाल, मागे चारसहा जण. परवा त्याची मोटरसायकल भिंतीपुढे थांबली. त्यानं गुरुजींना नमस्कार केला, मोबाइल काढला आणि भिंतीचा फोटो घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट, दोन भागांत. मग “भारी हाय गुरुजी भिंत तुमची,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्यात वाईट काय होतं. तरी त्या दिवशी गुरुजींना जेवण गेलं नव्हतं. निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर महिनाभरापूर्वी कोणीतरी कुठल्याशा गावातल्या शाळेची बातमी टाकली होती. वर्गातलं कसलं तरी चित्र, त्याचा फोटो, त्यावरून शाळेपुढे जमलेले लोक आणि मधे हात जोडून उभा असलेला त्यांच्याच वयाचा एक मास्तर. बातमी खरी की खोटी ते माहीत नाही. पण तो हात जोडलेला मास्तर गुरुजींना विसरता येत नव्हता. त्याचा चष्मा एका कानावरून निसटलेला होता आणि तो नीट करायला त्याला हात मोकळा नव्हता.

आणि मग भिंत. दोन वर्षांपूर्वी ती रंगवली तेव्हा गुरुजींनी ठरवलं होतं की छापील तक्त्यावरची जहाजं आणि यज्ञ आपल्याला नकोत. मुलाच्या डोळ्यासमोर जे रोज आहे तेच चित्र काढायचं. निवृत्तीनंतर ओसरीवर भरणाऱ्या त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक मुलानं एकेक अक्षर घ्यायचं आणि ते कशाचं ते स्वतः सांगायचं. ती त्यांची फार जुनी पद्धत होती, की उत्तर आपण सांगायचं नाही. मूल सांगेपर्यंत थांबायचं. पाच मिनिटं थांबावं लागलं तरी थांबायचं. दगड उन्हात तापतो तसं मूल प्रश्नात तापतं आणि मग बोलतं, असं ते नव्या शिक्षकांना सांगत. तेव्हा इब्राहीम पिंजाऱ्याची नात इफ्रा पाच वर्षांची होती, तिच्या वाट्याला द आला. गुरुजींनी भिंतीवर पेन्सिलनं आधीच एक बारीकसा दगड काढून ठेवला होता. काढायला सोपा म्हणून. ती बराच वेळ त्या दगडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “द दर्ग्याचा.” तिच्या घराच्या गच्चीवरून रोज सकाळी दिसतं ते तिनं सांगितलं होतं. गुरुजींना किती आनंद झाला होता. त्यांनी दगड पुसला, घुमट काढला, आणि तिनं त्यात हिरवा रंग भरला. तो कडेनं थोडा बाहेर गेला, तो त्यांनी तसाच ठेवला होता. कागदाखाली आता तोही असेल, ते बाहेर गेलेलं.

‘य’सुद्धा तसाच होता. य याडीचा. त्यासाठी कोणाला विचारलं नव्हतं, तो त्यांनी स्वतःचा ठेवला होता. साठ वर्षांपूर्वी तांड्यातून शाळेत बसले तेव्हा मास्तरांनी तक्त्यावरच्या लुगडं नेसलेल्या बाईवर छडी ठेवली आणि विचारलं, ही कोण. तांड्यात आईला याडी म्हणतात. छोट्या किसननं सांगितलं, याडी. वर्ग हसला. मास्तर म्हणाले, आई. किसन म्हणाला, याडी. तिसऱ्यांदा छडी तक्त्यावरून उचलली गेली आणि त्यांच्या पोटरीवर आली. त्या दिवसापासून शाळेत त्यांची आई झाली आणि घरी याडी राहिली, आणि दोघी एकच आहेत हे त्यांना पटायला वर्ष गेलं. मारणारे मास्तर वाईट नव्हते. पुढे त्यांनीच किसनला हायस्कुलात घातलं. गुरुजींनी त्यांच्यावर कधी राग धरला नाही. फक्त ठरवलं की आपल्या भिंतीवर असं होऊ द्यायचं नाही. आणि आज सकाळी छडीसुद्धा लागली नव्हती. नुसता हात पुढे केला होता, न मागता.

त्यांची याडी, धनीबाई, अक्षरही न शिकलेली. चार वर्षांचा झाला तरी पोरगा बोलेना तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन तांड्यातून चालत या गावात आली होती. तांड्याच्या देवीला नवस बोलून झाला होता, भगताकडे जाऊन झालं होतं. मग कोणीतरी म्हणालं दर्ग्याला ने. तिनं विचार केला नाही की हा देव कोणाचा. तिच्या लेखी देव म्हणजे ज्याच्या दारात आपलं गाऱ्हाणं ऐकून घेतात तो. आत बसलेल्या म्हाताऱ्यानं किसनच्या तोंडावर फुंकर घातली, जिभेवर साखर ठेवली. परतीच्या वाटेवर पोरगा पाणी म्हणाला. ही गोष्ट धनीबाईनं मरेपर्यंत शेकडो वेळा सांगितली. गुरुजींनी डी.एड.ला बालमानसशास्त्र वाचलं, काही मुलं उशिरा बोलतात हे त्यांना माहीत होतं. साखर खाऊन तहान लागते हेही माहीत होतं. त्यांची श्रद्धा म्हणावी अशी कशावर फारशी नव्हती. घरात सेवालाल महाराजांचा फोटो होता, दिवा पत्नी रामीबाई लावत, ते नमस्कार करत. पण दर्ग्यावरून जाताना त्यांचा उजवा हात आपोआप छातीशी यायचा, आणि ते त्याला अडवत नसत. हाताला आईनं लावलेली सवय, डोक्याला काय करायचं आहे.

अकरा वाजता रामीबाई भाजी निवडायला ओसरीवर येऊन बसल्या. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पाठीवरून त्याचं मन वाचायची त्यांना सवय झालेली. त्यांनी भिंतीवर नजर टाकली, कागद मोजले आणि विचारलं, हा मधला काहून झाकला. गुरुजी म्हणाले, उगाच कटकट नको. रामीबाईंनी मेथीची काडी मोडली. कोणाची कटकट आली होती का, असं विचारलं. नाही, म्हणाले, पण येऊ शकते. मग त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “तुमी तं पोट्ट्यायले सांगत राह्यता, भ्याचं नाही म्हनून. आता काय सांगान?” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मग स्वतःच म्हणाल्या की बरंही असेल, आजकाल कोणाचं काय सांगावं, पोरगा तिकडे पुण्यात, इथं आपण दोघंच. हे दुसरं वाक्य गुरुजींना जास्त लागलं. पहिल्याला काहीतरी उत्तर शोधता आलं असतं. दुसऱ्यात त्या त्यांच्या बाजूला येऊन बसल्या होत्या, आणि त्या बाजूला त्यांना कोणी यायला नको होतं.

खडू संपले आहेत असं सांगून ते बाजारात निघाले. खडू संपले नव्हते. बसस्टँडच्या रस्त्यावर जिकडेतिकडे कागद लागलेले. पंपाच्या दुकानावर, शिवणयंत्राच्या दुकानावर, एका हॉटेलच्या पाटीवरच्या कपबशीवरसुद्धा. सगळं गाव कसल्या तरी दुखण्यातून उठल्यासारखं पट्ट्या लावून बसलेलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर रविकांत उभा होता. गुरुजींना वाटलं परत फिरावं, पण त्यानं पाहिलं होतं. तो पुढे आला, वाकून पाया पडला, चहा सांगितला. चहा येईपर्यंत गुरुजींच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, फोटोचं विचारावं की नको. शेवटी त्यांनी अगदी हवापाण्याचं बोलल्यासारखं विचारलं की परवा भिंतीचा फोटो कशाला घेतला होता. रविकांत हसला. त्याची मुलगी बालवाडीत जाते, क ते ज्ञ म्हणताना मधेच अडकते, तिला दाखवायला घेतला होता. ती आता रोज जेवताना तो फोटो मागते, त्याशिवाय घास घेत नाही. त्यानं मोबाइलवर काढून दाखवलाही. भिंत स्पष्ट, अख्खी, द हिरवा. गुरुजींच्या अंगावरून एखादं ओझं उतरावं तसं झालं आणि लगेच दुसरं चढलं. म्हणजे भीतीला कारणच नव्हतं. म्हणजे ती सगळी आपलीच होती. तेवढ्यात रविकांत जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, “सकाळी पाह्यलं मी गुरुजी, तुमी दर्गा झाकून टाकला. हुशार मानूस हाय तुमी. मी कधी बोललो नसतो, पन आमच्यातले दोघंतिघं बोलून राह्यले होते.” त्यानं गुरुजींच्या हातावर हात ठेवला. शाबासकी द्यावी तसा. ज्या हाताला गुरुजींनी अक्षर गिरवायला शिकवलं होतं तो.

येताना ते दर्ग्याच्या रस्त्यानं आले नाहीत. मागच्या गल्लीनं आले, जिथं इब्राहीमचं दुकान आहे हे चालता चालता त्यांच्या लक्षात आलं. इब्राहीम गाद्या-रजया भरतो. त्याच्या भुवयांवर, कानांवर कापसाचा भुसा नेहमी बसलेला, त्यामुळे तो आहे त्याहून म्हातारा दिसतो. दोघांची ओळख चाळीस वर्षांची. इब्राहीमच्या मुलाला गुरुजींनी शिकवलं, आता नात शिकते. गुरुजींनी ठरवलं, आपणच सांगायचं. त्याच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी. म्हणायचं, चुकलं, उद्या काढतो. ते दुकानाच्या पायरीवर बसले, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच इब्राहीमनं यंत्र बंद केलं. हवेत उडालेला कापूस खाली बसेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, “बरं केलं गुरुजी. मीच सांगनार होतो तुमाले. दोन महिन्यापासून सांगनार होतो, पन जबान नाही झाली.” इब्राहीम सांगत होता की लोक येता-जाता त्या चित्राकडे पाहतात, मग विचारतात कोणाच्या पोरीनं काढलं. पोरीचं नाव निघतं, नावाबरोबर घर निघतं. तुम्ही नेक माणूस आहात, तुमच्या भिंतीला कोण काय करणार. पण आमचं दुकान उघड्यावर, आणि दुकानात सगळा कापूस. हे शेवटचं तो हसत म्हणाला, गंमत सांगावी तसं. आणि मग गुरुजींच्या पाठीवरचा कापूस त्यानं दोन बोटांनी उचलून काढला.

गुरुजींना आलेलं वाक्य परत गिळावं लागलं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. सुटका झालेल्या माणसाची कशी मागायची. रविकांत खूश होता, इब्राहीम खूश होता, रामीबाई समजून घेत होत्या. उभ्या गावात आठव्या कागदावर कोणाची हरकत नव्हती. कागद आता काढला तर तो कोणाच्या जिवावर काढायचा. सकाळी तो न लावणं सोपं होतं, काहीच करावं लागलं नसतं. चार तासांत तो इतका जड झाला होता की आता त्याला हात लावायचा तर कापसाच्या दुकानाचा विचार करावा लागत होता. घरापर्यंत चालताना त्यांना सारखं वाटत होतं की आपण काहीतरी विसरून आलो आहोत. दोनदा त्यांनी खिसे चाचपले. चष्मा होता, किल्ली होती, न लागणारे खडू होते.

चार वाजता मुलं आली. चौदा जण. त्यातली काही तांड्यावरची. आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला गेलेले, ही इथं नातेवाइकांकडे. काही गल्लीतली. भिंतीवरचे कागद पाहून आधी गलका झाला. गुरुजींनी निवडणूक समजावून सांगितली. परीक्षेच्या दिवशी आपण फळा पुसून ठेवतो ना, कोणी पाहून लिहू नये म्हणून, तसं मोठ्या माणसांचं. मुलांना ते लगेच पटलं. मोठी माणसं कॉपी करतात हे ऐकून त्यांना आनंदही झाला. मागे बसणारी उंच सुकेशनी म्हणाली, मग आपल्यालेच सुपरवायझर ठेवा गुरुजी. सगळे हसले. इफ्रा हसली नाही, पण ती एरवीही कमीच हसते. तिनं वही काढली, समास पाडला आणि पेन्सिलला टोक आहे का ते बोटाला लावून पाहिलं.

आजचा धडा गुरुजींनी कालच सांगून ठेवला होता, द आणि ध. या भागात बोलताना ध जातो आणि त्याच्या जागी द येतो. मुलं दूदच म्हणतात आणि लिहितातही दूदच. गुरुजी महिनाभर त्या एका अक्षरामागे लागले होते. तोंडापुढे तळहात धरायचा, ध म्हटलं की हवा लागली पाहिजे. त्यांनी पाच शब्द सांगितले. दूध. धोंडा. दादा. साधा. दार. प्रत्येक शब्द दोनदा, मधे पुरेसा वेळ देऊन. सांगताना त्यांना काहीच जाणवलं नाही. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं मन शांत झालं होतं. चौदा पेन्सिलींचा आवाज त्यांना कोणत्याही आरतीपेक्षा जास्त शांत करत असे. मग ते वह्या तपासत फिरले. दूद, दूद, दूध, धूध. इफ्राजवळ आले आणि थांबले.

तिनं पहिल्या ओळीत थोडी जागा मोकळी सोडली होती. त्या मोकळ्या जागेच्या पोटाखाली एक दीर्घ उकार, कशालाही न धरलेला, आणि त्याच्यापुढे ध. सुंदर, गाठीसकट, अगदी बरोबर. महिनाभरात पहिल्यांदा तिला ध जमला होता. धोंडा पूर्ण होता. साधा पूर्ण होता. दारमधे नुसता काना आणि र. आणि दादाच्या जागी दोन काने, मधे अंतर सोडून उभे, दोन माणसं घरापुढे उभी राहावीत आणि मागचं घरच नसावं तसे. इफ्रा तिच्या आजोबांना दादा म्हणते.

गुरुजी तिच्याशेजारी खाली बसले. हळू आवाजात विचारलं, द का नाही लिहिला बेटा. तिनं भिंतीकडे बोट केलं नाही. वहीकडेच पाहत म्हणाली, “द बंद हाय ना गुरुजी.” गुरुजी म्हणाले, क पण झाकला आहे, घ पण झाकला आहे, ते तर आपण लिहितो. तिनं मान हलवली. त्याचा विचार तिनं केला होता. “ते निवडनूक झाल्यावर उघडनार हाय. द कधी उघडते ते मालूम नाही, दादा म्हनले.” तिचं काही चुकलं आहे असं तिला वाटत नव्हतं. उलट, सांगितलेलं तिनं नीट पाळलं होतं. आज्ञाधारक मुलांचा चेहरा कसा असतो ते गुरुजींना पाठ होतं. त्या चेहऱ्यावर त्यांनी आयुष्यभर शाबास लिहिलं होतं.

ते म्हणाले, अक्षर कधी बंद होत नसतं. चित्र झाकलं तरी अक्षर आपलंच असतं. लिही. इफ्रानं पेन्सिल उचलली, मोकळ्या जागेवर आणली आणि अडली. या वर्गाचा नियम होता, गुरुजींनीच घातलेला, की अडलेलं अक्षर लिहिण्याआधी ते कशाचं ते म्हणायचं, म्हणजे हाताला आठवतं. तिनं वर पाहिलं. “कशाचा म्हनू?” तिनं विचारलं.

गुरुजींनी प्रश्न वर्गाकडे फिरवला, नेहमी फिरवतात तसा. सांगा रे, द कशाचा. हात वर गेले. द दगडाचा. द दप्तराचा. दोरीचा, दाराचा, दातांचा. कोणी दवाखाना म्हणालं, कोणी दही. दाळ म्हणालं त्याला दुसऱ्यानं सुधारलं की गुरुजी डाळ म्हणतात. सुकेशनी म्हणाली दिवा. गुरुजी प्रत्येकाला मान डोलवत होते आणि म्हणत होते, अजून. अजून एक आहे. शब्द संपत आले. दुकान आलं, दांडा आला, दुपार आली. मग थांबले. चौदा मुलांना ते माहीत होतं. दोन वर्षं रोज त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं होतं, भिंतीसमोर ओळीनं उभं राहून. ती आता भिंतीकडे पाहत नव्हती. एकमेकांकडेही पाहत नव्हती. सात-आठ वर्षांची मुलं, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नव्हतं. गुरुजी थांबले. थांबणं हीच तर त्यांची पद्धत. मूल सांगेपर्यंत थांबायचं. शाळेच्या मैदानावर कोणीतरी मंडपाचे खांब उतरवत होतं, त्यांचा एकेक आवाज येत होता. आणि त्या थांबण्यात हळूहळू गुरुजींना दिसायला लागलं की आपण कशाची वाट पाहून राहिलो आहोत. सकाळी जे आपण झाकलं ते यांच्यातल्या कोणीतरी आपल्यासाठी उघडावं याची. एखाद्या सात वर्षांच्या मुलानं. म्हणजे मग आपल्याला नुसतं शाबास म्हणता येईल.

कागदाला हात लावायचा नाही हे त्यांनी दुकानावरून येतानाच ठरवलं होतं, त्याबाबत इब्राहीमचा शब्द होता. पण इथं, या ओसरीवर, या चौदा जणांपुढे कोणाचा शब्द होता. त्यांनी ओठ ओले केले. इफ्राची पेन्सिल अजून मोकळ्या जागेवर धरलेली होती, टोक कागदाला न लावता, आणि तिचा हात दुखायला लागला असणार. रस्त्यानं कोणी जात नव्हतं. तरी गुरुजींनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि आपण पाहिलं हे इफ्रानं पाहिलं.

“द दर्ग्याचा,” ते म्हणाले.

मागून सुकेशनी म्हणाली, “गुरुजी, आयकू नाही आलं.”